खुर्ची तो, दार ती

जर्मनच्या बाईंनी सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये बसून एकतीस उत्तरपत्रिकांवर तांबड्या शाईने एकच वाक्य लिहिलं: 'टेबल पुल्लिंगी आहे.' एकतिसाव्या वेळी पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. वर्गात मुलं चौतीस. उरलेल्या तिघांपैकी दोघं परीक्षेला आलेच नव्हते, आणि तिसरीने मोठ्या हुशारीने टेबल हा शब्दच टाळून निबंधातल्या अख्ख्या कुटुंबाला उभ्याने जेवायला लावलं होतं.

जर्मन भाषेत आपल्यासारखीच तीन लिंगं. इथपर्यंत सगळं आनंदाचं. पण आपण 'ती खुर्ची' म्हणतो, तिकडे खुर्ची तो. आपलं दार ते, तिकडे दार ती. आपली खिडकी ती, तिकडे ते. आणि मुलगी, चांगली धडधाकट, उलट उत्तरं देणारी मुलगी, तिकडे नपुंसकलिंगी. पुल्लिंगी शब्दाआधी 'डेअर' लावायचं, स्त्रीलिंगी शब्दाआधी 'डी' आणि नपुंसकलिंगी शब्दाआधी 'दास'. कुठल्या शब्दाला काय, याला नियम काय, असं दरवर्षी कुणीतरी विचारी आणि बाई दरवर्षी 'पाठ करा' असं सांगत. एकोणीस वर्षं त्या हे सांगत आल्या होत्या आणि एकोणीस वर्षं मुलं पाठ न करत आली होती.

त्यातून बाईंचं डोकं शनिवारपासूनच तापलेलं होतं. शनिवारी परक्या भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण शिबिर झालं. शिकवायला आलेली मुलगी बाईंच्या थोरल्या लेकीहून लहान होती, आणि आयुष्यात चौतीस मुलांच्या वर्गासमोर ती कधी उभी राहिली नसावी, कारण ती फार आनंदी होती. तिने पन्नाशीला टेकलेल्या बायाबापड्यांना गोल उभं केलं आणि मध्ये स्पंजचा चेंडू सोडला. चेंडू ज्याच्या हातात येईल त्याने आपलं आवडतं फळ सांगायचं. बाईंच्या तो हातात आला नाही, कपाळावर आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निघताना प्रत्येकाला एक पुस्तिका मिळाली: 'भाषेच्या वर्गासाठी एकशे एक कल्पना'. बाईंनी ती फेकून द्यायच्या उद्देशाने वाचायला घेतली आणि चौदाव्या कल्पनेशी थबकल्या. वर्गातल्या प्रत्येक वस्तूवर त्या भाषेतल्या नावाची चिठ्ठी लावा, दर लिंगाला वेगळा रंग द्या, मुलांना दिवसभर ती दिसू द्या. एवढंच. बाईंना राग आला तो याचा, की कल्पना चांगली होती. आणि ती गेल्या एकोणीस वर्षांत आपल्याला सुचली नाही, हा राग तर कुणावर काढावा हेही कळेना.

तो उत्तरपत्रिकांवर काढून झाला तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. भाषा मंडळाचं पत्र आलं होतं. चाळीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या परक्या भाषांचे वर्ग मंडळाचे तपासनीस स्वतः येऊन पाहणार आणि विषय चालू ठेवायचा की बंद करायचा हे ठरवणार. आपल्याकडे तीन आठवड्यांनी.

"म्हणजे विषय बंद होऊ शकतो," बाई म्हणाल्या.

"बघू या," मुख्याध्यापक म्हणाले.

मुख्याध्यापक हा माणूस वाईट नव्हता. तो काहीच नव्हता. जर्मनची खोली त्यांना कॉम्प्युटरसाठी हवी होती हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, पण ते स्वतः तसं कधी म्हणत नसत. ते 'बघू या' म्हणत. बाईंनी तिथल्या तिथे चिठ्ठ्यांची गोष्ट काढली आणि परवानगी मागितली. तेव्हाही ते 'बघू या'च म्हणाले. बाईंनी तो होकार धरला.

घरी आल्यावर बाईंनी जेवणाच्या टेबलावर तीन रंगांचे पुठ्ठे पसरले. निळा पुल्लिंगाचा, लाल स्त्रीलिंगाचा, हिरवा नपुंसकलिंगाचा. बाईंचे यजमान नकाशे काढणाऱ्या कचेरीत होते. त्यांनी पहिली चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, खिशातून पट्टी काढली आणि म्हणाले, "डावीकडचा समास दोन मिलिमीटर कमी आहे."

"मुलं लिंग बघणार आहेत, समास नाही."

"अगं, ज्याला बघायचं तो सगळंच बघतो."

मग त्यांनी चष्मा पुसला, शाईची बाटली काढली आणि एकेक चिठ्ठी एखाद्या धरणाचा नकाशा काढावा तशी काढायला सुरुवात केली. पहिल्या संध्याकाळी चार चिठ्ठ्या झाल्या. लागणार होत्या शंभराच्या आसपास. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि त्यांच्याच अक्षरांच्या वळणावर उरलेल्या चिठ्ठ्या स्वतः काढल्या, त्यावर ते दोन दिवस मोजकंच बोलत होते. अक्षरं एवढी सुबक आलेली होती, की पुढे जे झालं त्यातला निम्मा दोष बाई त्या सुबक अक्षरांना देत असत.

चिठ्ठ्या नीट चिकटतात की नाही हे पाहायला बाईंनी काही घरातच लावल्या. तासाभराने सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात निळी चिठ्ठी होती.

"हे माझ्या कपाटावर काय होतं?"

"कपाट, आई. जर्मनमध्ये. डेअर श्रांक. तो कपाट."

"तो?"

"हो, तिकडे तो."

"माझ्या लग्नातलं कपाट आहे ते," सासूबाई म्हणाल्या. "बावन्न वर्षं ते 'ते' आहे. माझ्या खोलीतल्या वस्तूंचं लिंग मला विचारल्याशिवाय बदलायचं नाही." आणि चिठ्ठी ओट्यावर ठेवून त्या निघून गेल्या. पुढचे चार दिवस त्या कपाटाविषयी बोलताना 'ते' या शब्दावर असा काही जोर देत, की ऐकणाऱ्याला वाटावं कपाटाच्या अब्रूचा प्रश्न आहे.

शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क राहत. आख्खी चाळीस वर्षं त्यांनी सरकारी पत्रांना मुद्द्यांचे क्रमांक दिले होते, आणि आता बोलतानाही ते क्रमांक देत. म्हणून इमारतीत त्यांना 'मुद्देसाहेब' म्हणत. ते वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि पुठ्ठे बघून बसलेच.

"मुद्दा एक," ते म्हणाले. "परवानगी घेतलीत का, वहिनी?"

"घेतली. मुख्याध्यापक 'बघू या' म्हणाले."

मुद्देसाहेबांनी डोळे मिटले. "'बघू या' ही परवानगी नव्हे. तो नकारही नव्हे. उद्या काही झालं तर ते म्हणतील, मी कुठे काय म्हणालो? आणि ते खरंच काही म्हणालेले नसतील. मुद्दा दोन. अर्ज करा. तीन प्रतींत. एक त्यांना, एक कार्यालयाला, एक पोच म्हणून तुमच्याकडे."

"कागद चिकटवायला अर्ज?"

"वस्तू शाळेच्या आहेत, वहिनी. शाळेच्या वस्तूवर तुम्ही काही लावलंत की ती वस्तू बदलली."

बाईंनी त्यांना चहा दिला आणि सल्ला सोडून दिला. याचा त्यांना पुढे फार मनस्ताप झाला, कारण मुद्देसाहेब बरोबर ठरणं ही इमारतीतल्या कुणालाच न सोसणारी गोष्ट होती.

गुरुवारी बाईंनी मुलांना हाताशी घेऊन चिठ्ठ्या लावल्या. चौतीस खुर्च्या, लिहायची सतरा बाकं (जर्मनमध्ये तीही टेबलंच), बाईंचं टेबल, कपाट, फळा, घड्याळ, दिवे, दार, खिडक्या, चारी भिंती, कागदाची टोपली. मुलांनी इतक्या उत्साहाने जर्मनच्या तासाला काही करावं हे बाईंनी पहिल्यांदाच पाहिलं. मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या मुलाच्या कपाळावर कुणीतरी 'डी लांपे', म्हणजे दिवा, अशी लाल चिठ्ठी लावली. 'मुलगी' लिहिलेली हिरवी चिठ्ठी एकीच्या पाठीवर गेली, तेव्हा तिने उभं राहून विचारलं, "बाई, दिवा बाई आहे आणि मी नाही?" प्रश्न विचारताना तिने दिव्याचं लिंग बरोबर सांगितलं होतं, हे बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या दिवशी त्यांना एकदाही राग आला नाही. घरी हे ऐकून यजमानांनी त्यांना ताप तर नाही ना, असं विचारलं.

पुढच्या बुधवारी शाळेच्या सामानाची वर्षाची मोजदाद सुरू झाली.

शाळेचा स्टोअरकीपर हा अत्यंत प्रामाणिक माणूस होता. प्रामाणिक माणसाने किती त्रास द्यावा याला मर्यादा नसते, कारण त्याला गप्प बसवायला त्याची कुठलीच चूक सापडत नाही. तो बगलेत नोंदवही घेऊन भर तासाला वर्गात शिरला, एका खुर्चीपाशी वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"मॅडम, हे काय आहे?"

"खुर्ची."

"यावर स्टूल लिहिलंय."

बाईंनी खडू खाली ठेवला. "ते स्टूल नाही. श्टूल. जर्मनमध्ये खुर्चीला श्टूल म्हणतात."

"एस, टी, यू," तो बोट ठेवून वाचू लागला, "मग एच, एल. स्पेलिंग चुकलंय, पण स्टूलच आहे. माझ्या वहीत इथे चौतीस खुर्च्या आहेत. प्रत्यक्षात चौतीस स्टुलं आहेत. म्हणजे चौतीस खुर्च्या कमी आणि चौतीस स्टुलं जास्त."

"अहो, तुम्हाला डोळे आहेत ना? याला पाठ आहे. स्टुलाला पाठ असते का?"

"माझ्या डोळ्यांना काही किंमत नाही, मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला. "मोजदादीच्या नियमात लिहिलंय, वस्तूवर जे लिहिलेलं असेल ते नोंदवायचं." तो टेबलाकडे आणि मग कपाटाकडे वळला. "आणि हे काय? टिश्च. आणि हे श्रँक. या वस्तू आपल्याकडे नाहीतच. या कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेच्या दिसतात. किती छान छापलंय बघा, कंपनीचंच काम."

बाईंनी समोरच्या खुर्चीवरची चिठ्ठी टरकन ओढून काढली. "आता?"

तो दोन पावलं मागे सरकला. "मॅडम, मोजदाद चालू असताना वस्तूवरची खूण काढणं हा वेगळा गुन्हा आहे," तो म्हणाला, आणि तेही त्याने लिहून घेतलं. मुलं श्वास रोखून बघत होती. आपल्या बाईंना कुणीतरी रागावतं हे दृश्य त्यांच्या दृष्टीने कुठल्याही भाषेत पाहण्यासारखं होतं.

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. तिथे एक पालक बसलेल्या होत्या, डोळे लाल, हातात मोबाइल. मोबाइलमध्ये बाईंच्या वर्गाचा फोटो होता. मुलीने कौतुकाने घरी दाखवायला काढला होता. आईने तो मोठा करून पाहिला आणि तिची झोप उडाली.

"दारावर काय लिहिलंय बघा," ती आई म्हणाली. "डी, आय, ई. डाय. म्हणजे मर. घड्याळावर मर. दिव्यावर मर. चारी भिंतींवर मर. माझी मुलगी रोज एक तास या वर्गात बसते."

"ते इंग्रजी नाही," बाई म्हणाल्या. "ते 'डी' आहे. स्त्रीलिंगी शब्दाच्या आधी लागतं. दार ती, घड्याळ ती, भिंत ती."

"दार ती?" आईने मुख्याध्यापकांकडे पाहिलं. दार ती म्हणणाऱ्या बाईच्या हाती मुलं द्यावीत का, असा तिचा चेहरा होता.

मुख्याध्यापकांनी तिला विचारविनिमय होईल असं सांगून वाटेला लावलं. मग त्यांनी हातांची बोटं एकमेकांत गुंफली. बाईंना ती बोटं ओळखीची होती; 'बघू या'च्या आधी ती अशीच गुंफली जात.

"बाई, आपण मधला मार्ग काढू या. डेअर राहू द्या, दास राहू द्या. फक्त ते डाय काढून टाका."

"म्हणजे भाषेतलं स्त्रीलिंग काढून टाकू?"

"सगळं नाही. वर्गापुरतं."

"आणि दाराला काय म्हणू?"

मुख्याध्यापकांनी खरोखरच विचार केला. त्या माणसाने विचार केला हे बाईंना नंतर जास्त लागलं. "तिथेही डेअर लावा," ते म्हणाले. "सोयीसाठी सगळंच पुल्लिंगी करून टाकू. तसंही मुलांना सोपं पडेल."

घरी आल्यावर बाई इतकं बोलल्या, की सासूबाईंनी रेडिओ बंद केला. मुख्याध्यापक, स्टोअरकीपर, मोबाइलचा शोध लावणारा माणूस, आवडतं फळ विचारणारी ती पोरगी, कुणीही सुटलं नाही. "सोयीसाठी म्हणे पुल्लिंगी," बाई म्हणाल्या, आणि पोळपाट आपटला. "दाराला मिशा काढा म्हणावं." सासूबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "मी आधीच सांगितलं होतं, लिंगाच्या भानगडीत पडू नकोस." पण मग स्वतःच उठून त्यांनी सुनेला पाणी आणून दिलं, आणि त्या मुख्याध्यापकाचं नाव विचारून त्याला दोन नेमके शब्द वापरले, जे कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.

शुक्रवारी बाई वर्गात आल्या तेव्हा वर्गात काही नव्हतं. लाल चिठ्ठ्या मुख्याध्यापकांच्या तोंडी आदेशाने उतरवल्या होत्या. निळ्या चिठ्ठ्यांची प्रत्येक वस्तू, चौतीस खुर्च्या, सतरा बाकं, टेबल, कपाट, अगदी कागदाची टोपलीसुद्धा, स्टोअरकीपरने 'ओळख पटेपर्यंत' गोदामात नेऊन मोहोरबंद केली होती. खिडक्या नेता येत नव्हत्या म्हणून राहिल्या होत्या. मुलं भिंतीला टेकून रांगेने उभी होती, एखाद्या फोटोसाठी थांबल्यासारखी.

त्यानंतरचे दहा दिवस बाईंनी शाळेच्या कार्यालयाला पत्रं लिहिली. आता त्या मुद्देसाहेबांकडे स्वतः गेल्या. त्यांनी एका शब्दानेही टोमणा मारला नाही, नुसता नवा कागद घेतला आणि वर 'मुद्दा एक' लिहिलं. बाईंना टोमणा परवडला असता. पहिल्या पत्रात बाईंनी कळवलं की सदर वस्तू खुर्च्या आहेत. उत्तर आलं की त्या खुर्च्या असल्याबद्दल जर्मन भाषेच्या तज्ज्ञाचा दाखला जोडावा. बाईंनी कळवलं की शाळेत जर्मन भाषेची तज्ज्ञ मीच आहे. उत्तर आलं की आपण या प्रकरणात हितसंबंधी असल्याने आपला दाखला ग्राह्य धरता येत नाही. आपणांव्यतिरिक्त दुसऱ्या तज्ज्ञाचा द्यावा. बाईंनी विचारलं की दुसरा तज्ज्ञ येईपर्यंत मुलांनी कशावर बसावं. उत्तर आलं की हा प्रश्न या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही. हे सगळं कार्यालय मुख्याध्यापकांच्या खोलीला लागूनच, बाईंच्या वर्गापासून एकवीस पावलांवर होतं. बाईंनी ती मोजली होती, कारण रोज त्या तिथवर चालत जाऊन पत्र देत, पोच घेत आणि परत येत.

मुलांचा तास मात्र चालू होता. काय करणार, विषय शिकवायचा होता. बसायला काही नाही, लिहायला काही नाही, फळ्यावरचीही लाल चिठ्ठी उतरवलेली, म्हणून त्यालाही हात लावायची बाईंना चीड आलेली. उभ्याउभ्या फक्त बोलता येत होतं. तेव्हा मुलं बोलू लागली. इथे खुर्ची होती, इथे बाक होतं, कपाट इथे होतं की तिथे, यावर भांडणं, तीही जर्मनमध्ये, कारण मराठीत भांडलं तर बाई बाहेर काढत. बाईंचं तिकडे पुरतं लक्षही नव्हतं. त्यांच्या डोक्यात पुढच्या पत्राचा मजकूर चालू असे.

तपासनीसांचा दिवस आला. ते वयस्क, सडपातळ गृहस्थ होते, हातात काळी फाइल, आणि जिना चढून दम लागलेला. मुख्याध्यापक त्यांच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला स्टोअरकीपर, कारण मंडळाचा माणूस आला की सगळ्यांनी हजर राहायचं. तपासनीस वर्गात आले, बसायला इकडेतिकडे पाहू लागले, आणि रिकामी खोली आणि भिंतीला टेकलेली चौतीस मुलं बघून जागीच थांबले. मग त्यांनी बाईंना अत्यंत सभ्य, जुन्या धाटणीच्या जर्मनमध्ये विचारलं, की आपली मुलं बसतात कुठे?

प्रश्न जर्मनमध्ये आला म्हणून उत्तरही जर्मनमध्ये गेलं. बाईंनी ते ठरवलं नव्हतं. पण एकदा तोंड उघडल्यावर दहा दिवसांची सगळी पत्रं, सगळ्या पोच-पावत्या, त्या भाषेत आपोआप बाहेर पडू लागल्या, आणि बाईंच्या ध्यानात आलं की या खोलीतले ज्यांना ऐकवायचं ते दोघं यातलं अवाक्षरही समजू शकत नाहीत. मग त्यांनी हात राखला नाही. हा उजवीकडचा माणूस, त्या म्हणाल्या, डोळ्यांपेक्षा वहीवर विश्वास ठेवतो, आणि उद्या याच्या बायकोच्या पाठीवर कुणी 'बादली' लिहिलं तर हा तिला विहिरीवर नेईल. स्टोअरकीपरने आपला उल्लेख होतोय हे ओळखून अदबीने मान लववली. आणि हे डावीकडचे, बाई म्हणाल्या, यांना पाठीचा कणा नाही, म्हणून यांना खुर्चीची पाठही ओळखता येत नाही. यांनी मला दाराला पुरुष करायला सांगितलं. "हो, हो," मुख्याध्यापक हसून म्हणाले. "अगदी बरोबर."

भिंतीपाशी खसखस पिकली. आधी एकीकडे, मग सगळीकडे. मुलांना कळत होतं. बाईंनी ते ऐकलं, पण राग आता उतरणीला लागलेल्या गाडीसारखा होता, त्याला थांबता येत नव्हतं. एकोणीस वर्षं मी इथे उभी आहे, त्या म्हणाल्या, आणि आज या साहेबांना टेकायला द्यायला माझ्याजवळ साधी एक, आणि इथे त्यांचा आवाज चिरकला, साधी एक 'डी श्टूल' नाही.

"डेअर," चौतीस तोंडांतून एकदम आलं. "डेअर श्टूल, बाई."

बाईंनी मुलांकडे पाहिलं. आपण रागाच्या भरात खुर्चीला मराठीतली 'ती' करून टाकलं हे त्यांच्या सावकाश लक्षात आलं, आणि त्याहूनही सावकाश हे, की एवढ्या मुलांपैकी एकालाही विचार करावा लागला नव्हता. त्यांचे कान तापले. तोंडावर चूक दाखवल्याचा संताप आणि दुसरं काहीतरी, ज्याला त्यांच्याजवळ दोन्ही भाषांत पटकन शब्द सापडेना, एकाच वेळी उसळून आलं.

तपासनीसांनी रुमालाने तोंड झाकलं होतं. त्यांचे खांदे हलत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी रुमाल खिशात ठेवला, फाइल उघडून खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि मराठीत विचारलं, "गोदामात ज्या आहेत, त्या खुर्च्या आहेत का, हा प्रश्न आहे ना?"

"साहेब, तज्ज्ञाचा दाखला हवा," स्टोअरकीपर म्हणाला.

तपासनीसांनी एका कोऱ्या कागदावर 'या खुर्च्या आहेत' असं लिहिलं, खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि मंडळाचा शिक्का मारला. स्टोअरकीपरने कागद उजेडात धरून शिक्का पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं समाधान पसरलं. त्या माणसाला कुणाचंच वाईट करायचं नव्हतं. अर्ध्या तासात खुर्च्या परत आल्या, आणि टेबलासाठी, कपाटासाठी, बाकांसाठी आणि टोपलीसाठी तपासनीसांना आणखी चार दाखले लिहावे लागले. 'डी' म्हणजे मरण नव्हे, हे त्यांनी सहाव्या कागदावर लिहून दिलं, आणि मुख्याध्यापकांनी तो कागद त्या पालकांना दाखवू या, असं म्हटलं. त्यात 'बघू' नव्हतं, हे बाईंनी टिपलं.

अहवाल आठवड्याने आला. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावून तो पुढे केला आणि अभिनंदन केलं. विषय चालू ठेवावा, असं त्यात होतं. विद्यार्थ्यांची बोलण्याची तयारी असाधारण आहे, असं होतं. संतापलेली, वेगवान आणि अतिशय गुंतागुंतीची वाक्यं विद्यार्थी सहज समजू शकतात, असंही होतं. आणि सर्वांत खाली, 'सूचना' या सदरात, एकच ओळ होती: 'शिक्षिकेने नामांच्या लिंगाकडे अधिक लक्ष द्यावे.'

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. मग अहवाल मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि एकवीस पावलं चालून वर्गात गेल्या. मुलं खुर्च्यांवर बसलेली होती. विषय राहिला, असं बाईंनी सांगितलं. मुलांनी बाकं बडवली.

"बाई, आम्हाला काय शेरा मिळाला?" पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली.

"चांगला."

"आणि तुम्हाला?"

बाईंनी खडू उचलला, फळ्याकडे वळल्या आणि वरपासून खालपर्यंत पन्नास नामं लिहून काढली, लिंग न लिहिता. उद्या सकाळपर्यंत सगळी पाठ हवीत, त्या म्हणाल्या, एकही चूक चालणार नाही. वर्ग कण्हला. बाई मुलं निघून जाईपर्यंत पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मग त्यांनी दार लावून घेतलं, पर्समधून एक कागद काढला आणि ती पन्नास नामं भराभर स्वतःसाठी उतरवून घेतली.